विजूभावजींचा डावा खांदा

वालाची बिरडी सोलायला बसले की मला कुणी हाक मारलेली खपत नाही. बोटं चिकट झालेली असतात, अर्धे वाल सोललेले, अर्धे पाण्यात, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी अंगणात येऊन उभं राहतं. त्या दिवशी दत्ताराम उभा होता. आमच्या वाडीतला, माझ्या दिराचा लहानपणापासूनचा दोस्त. स्वतःची होडी आहे, आणि आवाज असा की होडीतून बोलला तर माझ्या चुलीपाशी ऐकू यावा. तो त्या दिवशी गप्प उभा. पाणी मागितलंन, मी दिलं. तांब्या रिकामा करून पुन्हा पुढे धरलान. पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा धरलान तेव्हा मी म्हटलं, "काय रे, विहीर आटवायला आलायस का?" तर म्हणाला, "वैनी, विजू गेला..." मी हातातला वाल सोलून पुरा केला, वाटीत टाकला, मग उठले. त्या वालाचं मला अजून आश्चर्य वाटतं. माणसाला बातमी कळते, पण बोटांना ती उशिरा कळत असावी.

मिरकरवाड्याच्या बंदरात सकाळपासून विजूभावजी एका बोटीचं इंजिन खोलून बसले होते. जोडून झालं, चालू केलं, कान देऊन ऐकलं, दत्तारामला म्हणाले, "आता बोलतंय बग नीट." मग फळीवर टेकून बसले ते बसलेच. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्रास झाला नसेल. मला ते पटतं, कारण इंजिन नीट बोलू लागलं की त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते तसंच होतं, कुणी पुसलं नव्हतं.

विजूभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन भाट्याच्या पुलापलीकडच्या या वाडीत आले तेव्हापासून ते पडवीतल्या खोलीत राहायचे. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "इंजिनं काय कमी रडतात माज्या नावानं, आनी कोन कशाला?" दिराला अहो-जाहो आणि त्याच्या मित्राला अरे-तुरे, असा आमच्या घरात उलटा न्याय आहे. पण भावजींना एकेरी हाक मारावी असं मला कधी वाटलं नाही. थट्टा मात्र भरपूर केली. वहिनीचा तो हक्कच असतो आणि मी हक्क सोडणारी बाई नव्हे.

ते गेल्यावर भेटायला जो येई तो एकच गोष्ट सांगे. पन्नाशी उलटल्यावर आपल्या विजूनं पोहणं, सायकल आणि धावणं असं तिन्ही एका दमात करायची शर्यत पुरी केली, मेडल घेतलंन, वाडीचं नाव काढलंन. खरं आहे. मेडल भिंतीवर आहे, फोटोही आहे. पण त्या शर्यतीची अर्धीच गोष्ट लोकांना माहीत होती. उरलेली अर्धी मी आणि भावजी अशा दोघांतच राहील, असा मी शब्द दिला होता. तो आज मोडते आहे. परवानगी घेऊन मोडते आहे, आणि ती कुणाची, ते ओघात येईलच.

त्यांना हे सायकलचं वेड तसं जुनंच. बंदरावर कामाला ते कायम सायकलवरून जायचे. मग शहरात सकाळी सायकली घेऊन हिंडणाऱ्या मंडळींचा एक गट झाला. त्यात डॉक्टर, इंजिनियर, एक-दोन प्राध्यापक. त्यांच्या हलक्याफुलक्या महागड्या सायकली, आणि आमचे भावजी लोखंडी सायकल घेऊन त्यांच्या पुढे. त्या लोकांनीच मग त्यांना एक जुनी चांगली सायकल दिली आणि डोक्यात हे तिहेरी प्रकरण भरवलं. आपल्याच किनाऱ्यावर शर्यत होणार होती. भाट्याच्या समुद्रात दोन किलोमीटरच्या आसपास पोहायचं, मग पावसच्या रस्त्याने नव्वद किलोमीटरची सायकल, आणि मग एकवीस किलोमीटर धावायचं, तेही चैत्राच्या उन्हात. मी ऐकलं आणि म्हटलं, "भावजी, यातलं एकेक करायला माणसाला एसटी असते, होडी असते." वर्षभर तयारी चालली. तो अंगाला चिकटणारा काळा सूट घालून ते पहिल्यांदा अंगणात आले तेव्हा आमचे हे, म्हणजे त्यांचे थोरले बंधू, जे एरवी दिवसाला चार वाक्यं बोलतात, ते म्हणाले, "विजू, आत जा. मेंगळटासारखा उभा राहू नकोस, बायका येतात पाण्याला." त्यांच्या सायकलच्या बाटलीत मी कोकमाचं आगळ, मीठ आणि गूळ घालून द्यायचे. डॉक्टर मंडळी कसल्याशा पाकिटातलं काहीतरी चोखायची. भावजींनी ते एकदा चाखलं आणि म्हणाले, याच्यापेक्षा इंजिनाचं ऑइल बरं.

शर्यतीच्या आधी तीन-चार आठवडे शिमगा आला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे शिमग्यात देव माणसांच्या घरी येतो. ग्रामदेवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, लावून पालखी सजते आणि घरोघर फिरते. प्रत्येक अंगणात ती नाचवायची. पुढे एक, मागे एक, दांडा खांद्यावर घेऊन ढोलाच्या ठेक्यावर वाकायचं, गिरक्या घ्यायच्या, गुडघ्यावर बसून उठायचं, आणि पालखी जमिनीला टेकू द्यायची नाही. टेकली तर काय होतं असं विचारू नका. काही होत नाही, आणि तरी सगळं होतं. दत्तारामच्या वडिलांच्या हातून ती एकदा टेकली होती. कुणी त्यांना बोल लावला नाही, दंड केला नाही. पण त्यांनी पुन्हा कधी खांदा दिला नाही. शिमग्याचा ढोल ऐकू आला की ते एकटे होडी घेऊन खाडीत जाऊन बसत आणि पालखी वाडीतून पुढे गेली की परत येत. मरेपर्यंत तसंच केलं. दत्तारामने हे लहानपणापासून पाहिलेलं. तरी तो पालखीला उभा राहिला, कारण मागच्या दांड्याला भावजी असायचे. दत्ताराम पुढे, भावजी मागे, ही वाडीतली पहिल्या मानाची जोडी. भावजी डावरे, म्हणून दांडाही डाव्या खांद्यावर. त्याखाली चार घड्या घातलेला एक पांढरा पंचा, तोच दर वर्षी.

त्या वर्षी आमच्या अंगणात पालखी आली, मी ओटी भरली, आणि गुरवाने गाऱ्हाणं घातलं. घरातलं जे काय मागणं असेल ते तो देवीला मोठ्याने सांगतो आणि सगळी वाडी "होय म्हाराजा" म्हणते. "आई, हा तुजा लेक विजू पोवायला, सायकल मारायला नि धावायला जातोय, तेला सुकरूप परत आन..." "होय म्हाराजा!" झालं. देवीच्या कानावर गेलं, म्हणजे वाडीच्याही कानावर गेलं. आता भावजींनी शर्यत सोडली असती तर घराघरातून विचारणा झाली असती.

आमच्यापासून तिसरं घर एका मुंबईकरांचं. त्यांनी नवं बांधलेलं, आणि अंगणाला लाद्या. घरातल्या हॉलला शोभतील अशा गुळगुळीत, चकचकीत लाद्या. पालखी आली की तिला खांदा देणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायची आमच्याकडे रीत आहे. मातीच्या अंगणात ते पाणी मुरतं. त्या घरच्या माउलीने भक्तिभावाने कळशीभर पाणी ओतलं आणि ते लादीवर पसरलं. नाच रंगात आला असताना दत्तारामचा पाय गेला. तो गुडघ्यावर आदळला आणि दांडा त्याच्या खांद्यावरून घरंगळला. मी समोरच उभी होते. भावजी एका झेपेत दांड्याखालून पुढे सरकले, पालखीच्या बुडाशी खांदा लावला आणि सगळं ओझं एकट्याने उचललं. पालखी टेकली नाही. उलट लोकांना वाटलं, काय वाकले दोघं! ढोल चढला, टाळ्या पडल्या. दत्तारामने उठून पुन्हा दांडा घेतला, आणि दोघं आणखी बराच वेळ नाचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताराम नारळ घेऊन आला. डोळे सुजलेले. "आईनं सांभाळलंन रे विजू," म्हणाला. "पाय घसरला माजा. टेकलीच असती. माजंपन बापासारकं झालं असतं." भावजींनी नारळ घेतला आणि म्हणाले, "टेकली नाय ना? मग झालं तर. तिनंच सांभाळलंन." दत्ताराम गेला. मी चहा आणला. भावजी उजव्या हाताने कप उचलायला लागले आणि निम्मा चहा बशीत सांडला. जन्मभर डाव्या हाताने जेवू नये म्हणून सासूबाईंचे बोल खाल्लेला माणूस आज उजवा हात कसा वापरतो? मी पडवीचं दार लोटलं आणि म्हटलं, सदरा काढा. काढता येईना. मीच काढला. डावा खांदा जांभळा झाला होता, पार दंडापर्यंत.

त्यांच्या सायकलच्या गटातली एक तरुण डॉक्टरीणबाई होती, तिने तपासलं. हाड शाबूत होतं, सांध्याजवळची शीर फाटल्यागत ताणली होती. सहा आठवडे हात वर करायचा नाही, म्हणाली. भावजींनी तिला एकच विचारलं, "दुखेल, की मोडेल?" ती म्हणाली, "मोडणार नाही. पण खूप दुखेल, आणि बरं व्हायला दुप्पट दिवस लागतील. पूर्ण बरं होईलच असंही नाही." "मग दुखू दे," भावजी म्हणाले. ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मी काय करणार? घरी येताना रिक्षात मी खूप बोलले. ताप आला म्हणून सांगा, पोट बिघडलं म्हणून सांगा, शर्यत काय पुढल्या वर्षी येईल. ते रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "वैनी, ताप आला म्हनून मी कदी निजलोय? लोक इचारतील, शोदतील. खांदा शिमग्यात गेला हे दत्तूला कळलं ना, तर तो परत पालखीला हात लावायचा नाय. बापासारका खाडीत जाऊन बसंल. मी नुसता तिकडं उभा राहून चालायचं नाय. पुरी करायला लागंल. तुमी कोनाला सांगू नका." मी हो म्हटलं. मला राग आला होता, आणि कुठेतरी अभिमानही वाटला होता, आणि दोन्ही एकदम आलं की मी नेहमी हो म्हणते.

गुपित पाळणं म्हणजे तोंड बंद ठेवणं, असं मला वाटत होतं. ते तेवढ्यावर भागत नाही. आंबेहळद उगाळून गरम लेप लावायचा तर तिचा वास वाडीभर जातो. कुणाला लावतेस, असं शेजारणीने विचारल्यावर मी पटकन म्हटलं, माझ्या गुडघ्याला. तेव्हापासून मला लंगडणं आलं. महिनाभर मी पाण्याला जाताना लंगडले, देवळात लंगडले, मासळी आणायला लंगडले. चार जणींनी चार तेलं आणून दिली. आमच्या ह्यांनाही मी सांगितलं नाही, तर ते बिचारे माझा गुडघा म्हणून आपणहून बाजारहाट करू लागले. तेवढा एक फायदा झाला. भावजी पडवीत बसून हसायचे आणि हसताना खांदा दुखला की कळवळायचे. मी म्हणायची, बरी अद्दल.

पोहण्याचा प्रश्न मोठा होता. गटातल्या लोकांनी त्यांना दोन्ही हात फिरवून, पाण्यात तोंड घालून पोहायला शिकवलं होतं. आता डावा हात खांद्याच्या वर जाईना. पण पूर्वी पूल नव्हता तेव्हा आमच्याकडची माणसं कपड्यांचं गाठोडं एका हातात उंच धरून, कुशीवर होऊन, उरलेल्या हाताने आणि पायांनी खाडी पार करायची. सासऱ्यांनी भावजींना ते लहानपणी शिकवलं होतं. शर्यतीत कसंही पोहलेलं चालतं, हे त्यांनी विचारून घेतलं. मग पहाटे खाडीत सराव, आणि मी काठावर राखण करायला. गाठोड्याऐवजी डावा हात छातीशी धरलेला. "असं पोवत गेलो तर आरामात पोचीन," ते म्हणायचे. आरामात वगैरे काही नव्हतं. पाण्याबाहेर आले की ओठ पांढरे पडलेले असायचे.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी कळलं की पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायला ज्या होड्या ठरवल्यात, त्यात दत्तारामची होडी आहे. तो छाती काढून सांगायला आला होता. "विजू, तू घाबरू नको, मी बाजूलाच हाय." मी भावजींकडे बघितलं. समुद्रावर जन्म गेलेला माणूस, त्याच्यासमोर हा एका हाताने पोहणार... भावजी मला हळूच म्हणाले, "वैनी, होडी लांब असते. समद्या टोप्या सारक्याच दिसतात."

टोप्या खरंच सारख्या होत्या. सुरूच्या बनाजवळ वाळूत मी आणि आमचे हे उभे होतो. पाण्यात उडी मारलेल्या त्या सगळ्या गर्दीचे हात पवनचक्कीसारखे फिरत होते, आणि त्यांच्या मागे मागे एकच डोकं उशीवर ठेवल्यासारखं आडवं चाललं होतं. आमचे हे म्हणाले, "हा असा काय पोहतोय?" मी म्हटलं, "वेगळी पद्धत आहे ती, गटात शिकवतात." दत्तारामची होडी त्या आडव्या डोक्यापासून हललीच नाही. बाकीच्या होड्या इकडून तिकडे फिरत होत्या, ही तिथेच, थोडं अंतर राखून, समुद्राच्या बाजूला. एकदा लाट आली आणि डोकं दिसेना. मी देवीला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पुन्हा दिसलं. पाण्याबाहेर यायची एक ठरलेली वेळ असते, त्यानंतर येणाऱ्याला पुढे सोडत नाहीत. भावजी ती वेळ संपता संपता वाळूत आले. गुडघ्यावर बसले, उठले, आणि सायकलीकडे चालायला लागले. धावायची ताकद नव्हती, पण चालणं ऐटीत होतं.

सायकलवर त्यांना त्रास होईल असं मला वाटलं नव्हतं, आणि नेमका तिथेच झाला. गोळपच्या चढावर मी रिक्षाने जाऊन उभी राहिले होते. चढावर हँडल खेचावं लागतं, आणि खेचलं की खांदा ओढला जातो. ते एका हाताने खेचत होते, सायकल साप चालल्यासारखी जात होती. माझ्याजवळून जाताना म्हणाले, "वैनी, आगळात मीठ जास्त झालंय." मीठ बरोबर होतं. डोळ्यांतून पाणी वाहून तोंडात जात होतं, ते खारट लागत असणार. मी म्हटलं, "उद्यापासून तुम्हीच करा." ते हसले आणि वळणावर दिसेनासे झाले. मी तिथेच दगडावर बसून रडले. रिक्षावाल्याला वाटलं गुडघा दुखतोय.

धावताना त्यांनी युक्ती केली होती. कमरेच्या पट्ट्यात डाव्या हाताचा अंगठा अडकवला आणि हात तसाच ठेवून धावले. जणू बाजारात भाव विचारायला निघालेत. दुपारचं ऊन, डांबर मऊ झालेलं, तरुण पोरं बाजूला बसून ओकत होती. भावजी ना वेगाने, ना थांबत, एका लयीत येत राहिले. शेवटच्या काही जणांत ते पोचले, पण पोचले. वाडी सगळी जमली होती. ढोल आणला होता, नको तिथे. दत्ताराम गर्दी फोडून पुढे आला. आता दत्तारामची एक खोड सांगायला हवी. आनंद झाला की तो समोरच्याच्या पाठीत गुद्दा घालतो, खांद्यावर थाप मारतो, माणूस चार पावलं पुढे जाईल अशी. मी मधे शिरायला पुढे झाले. पण त्या दिवशी त्याने गुद्दा घातला नाही. भावजींचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि तसाच धरून राहिला. मी मनात म्हटलं, देवी पावली.

खांदा पुरता बरा कधी झालाच नाही. पावसाळ्यात ठणकायचा. वाळत घातलेले कपडे ते उजव्या हाताने काढायचे. पुन्हा तसली शर्यत केली नाही, पण सकाळची सायकल सुटली नाही, आणि पालखीही सुटली नाही. दर शिमग्याला तोच पंचा, तीच जोडी. फरक एवढाच पडला की दत्ताराम म्हातारा झाला. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. एरवी एकट्याने जाळं ओढणारा हा गडी, पण पालखी नाचवायला लागला की पाच-दहा गिरक्यांत धापा टाकायचा. "दमलो रे बाबा, घ्या कोनीतरी," म्हणून खाली वाकायचा. जोडीतला एक दमला की दोघांचाही खांदा बदलतो, ही रीत. मग दुसरी दोघं पुढे यायची. वाडीने त्याची फार टर उडवली. पोरं त्याला आजोबा म्हणू लागली. भावजीही म्हणायचे, "दत्तू, तुज्या इंजिनात कचरा आलाय, एकदा खोलायला लागंल." मीसुद्धा एकदा त्याला ताक देताना म्हटलं, "अरे, एवढ्यात दमलास? तुझ्यापेक्षा माझे हे बरे." तो नुसता हसायचा.

यंदा भावजी गेले आणि दोन महिन्यांनी शिमगा आला. सुतक केव्हाच फिटलं होतं. पण पडवीची खोली बंद, घरात बोलायला कुणी नाही. हे तर आता दिवसाला दोनच वाक्यं बोलतात. पालखी अंगणात आली तेव्हा मी ओटीचं ताट घेऊन उभी होते. दत्ताराम दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन माझ्यापुढे आला. "वैनी, तेचा पंचा द्या." पडवीत खुंटीवर तो तसाच होता, चार घड्यांचा. मी दिला. त्याने तो डाव्या खांद्यावर ठेवला, एरवी उजवा खांदा देणारा माणूस, आणि यंदा मागच्या दांड्याला उभा राहिला. पुढे एक तरणा गडी होता.

आणि मग दत्ताराम नाचला. मी किती शिमगे पाहिले, पण असा नाच पाहिला नाही. गुडघ्यावर बसला, उठला, गिरकी घेतली, पुन्हा बसला. पुढचा तरणा गडी दमला, बदलला, पण रीत मोडून दत्ताराम मागे तसाच. दुसरा आला, तोही दमला. ढोलवाले घामाघूम झाले. "दत्तारामकाका, द्या आता," म्हणून पोरं हात पुढे करत होती, तो मान हलवून नको म्हणत होता. धाप नाही, वाकणं नाही. आमच्या ह्यांनी माझा हात धरला, असा चारचौघांत त्यांनी आयुष्यात धरला नव्हता. अखेर गुरवानेच थांबवलं, पुढची घरं राहिलीत म्हणून. पालखी पाटावर बसली. मी ताकाचा पेला घेऊन गेले. तोंडातून निघून गेलं, "आज दमला नाहीस रे?"

दत्ताराम पंच्याने तोंड पुसत होता. म्हणाला, "आज कोनासाठी दमू, वैनी?"

मला कळायला थोडा वेळ लागला. पायरीवर बसले. तोही शेजारी बसला. हळू आवाजात बोलला, त्याच्या आवाजाला हळू बोलणं येतं हे मला तेव्हा समजलं. "एका हातानं पोवनारा मानूस मला वळकायचा नाय व्हय? होडीतनं बगत व्हतो. शिमग्यात गेला खांदा, तवाच समजलो. काढू का तेला वर, असं धा वेळा आलं मनात. पन तो लपवत व्हता तो माज्यासाटी... मग मी बगितलंय हे तेला कशाला सांगू? तेच्या पोवन्याचं मातेरं झालं असतं." मी विचारलं, मग पालखी सोडाविशी नाही वाटली? त्याने ताकाचा एक घोट घेतला. "लय वाटली. पुडल्या शिमग्याला ढोल वाजला तवा होडी सोडायलापन गेलो व्हतो, बापासारकी. मग म्हटलं, एवडं दुकनं सोसून ह्यानं मला खांद्याला ठेवलान, नि मी खाडीत जाऊन बसू?" ताकाचा पेला रिकामा करून त्याने खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसला. "आनी वैनी, तुमी त्या म्हयन्यात एक दिस डाव्या पायानं लंगडायच्यात नि एक दिस उजव्या. समद्या वाडीनं बगितलं. आमी बोललो नाय."

तो उठला तेव्हा मी म्हटलं, भावजींवर काहीतरी लिहून द्या असा पेपरवाल्यांचा निरोप आलाय, काय लिहू? म्हणाला, "हेच लिवा. आता तो काय मला वरडायला येत नाय." मग पडवीत गेला, पंचा चार घड्या करून त्याच खुंटीला अडकवला आणि पालखीमागे पुढच्या घरी गेला. पंचा घामाने ओला होता. मी तो धुवायला काढला, आणि पुन्हा होता तसा ठेवून दिला. पुढच्या शिमग्याला दत्ताराम मागायला येईल.